कामाचा माणूस

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "बाबा, मी आता कुणाच्याच कामाचा राहिलो नाही." आईला मी हे सांगितलेलं नाही. नोकरी गेली की माणूस खचतो, त्याबद्दल तुला बोल लावत नाही. पण तुझ्या त्या वाक्यात दुःखापेक्षा हिशेब जास्त होता, आणि हिशेब चुकलाय. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.

व्हिक्टर फ्रँकल हे नाव तू ऐकलं असशील. व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ, ज्यू. नाझींनी १९४२ साली त्यांना घरच्यांसकट छळछावणीत नेलं. १९४५ मध्ये ते सुटले, पण आई-वडील, भाऊ आणि पत्नी यांच्यापैकी कुणीही वाचलं नव्हतं. लोक त्यांच्या छावणीतल्या दिवसांबद्दलच बोलतात. तुझ्यासाठी मला मात्र त्याआधीचे फ्रँकल आठवले, १९३०च्या दशकातल्या मंदीतले. त्यांच्याकडे बेकार तरुण यायचे, पार खचलेले. फ्रँकलना दिसलं की या मुलांनी मनातल्या मनात दोन उड्या मारल्या आहेत: नोकरी नाही म्हणजे मी निरुपयोगी, आणि निरुपयोगी म्हणजे माझ्या जगण्याला अर्थ नाही. त्यांनी त्यांना सार्वजनिक वाचनालयांत, युवक संघटनांत, प्रौढांच्या वर्गांत बिनपगारी काम करायला लावलं. खिशात दमडी आली नाही, पोट पूर्वीइतकंच रिकामं राहिलं. पण खिन्नता ओसरली.

रिकाम्या पोटाची गोष्ट त्यांनी लपवली नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसतो. सेवा करा म्हणजे भूक विसराल, असलं कीर्तन त्यांनी केलं नाही. तूही नोकरी शोधणं थांबवू नकोस.

आता त्यातली दुसरी उडी बघ, कारण खरी धोक्याची तीच. जो उपयोगाचा नाही त्याच्या जगण्याला किंमत नाही, असं एकदा मान्य केलं की ते फक्त स्वतःपुरतं राहत नाही. त्याच न्यायाने अंथरुणाला खिळलेला, मतिमंद, थकलेला, प्रत्येक जण कवडीमोल ठरतो. जर्मनीत हे खरोखर घडलं. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत सत्तर हजारांहून अधिक मनोरुग्ण आणि अपंग माणसं 'जगायला नालायक' ठरवून मारली गेली. तू स्वतःला जे म्हणालास ते तुझ्या अंथरुणावरच्या आजीला म्हणशील का? नाही ना? मग स्वतःसाठी वेगळं माप कशाला?

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिलंच कलम सांगतं की सगळी माणसं जन्मतःच स्वतंत्र असतात, प्रतिष्ठेने आणि हक्कांनी समान असतात. मसुद्यात आधी 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते बदलायला लावणाऱ्या आपल्या हंसा मेहता, तिथल्या भारताच्या प्रतिनिधी. कर्तव्यांचं कलम येतं थेट एकोणतिसावं: समाजाप्रती प्रत्येकाची कर्तव्यं असतात, कारण समाजातच माणसाचा मोकळा आणि पूर्ण विकास होऊ शकतो. हा क्रम मला फार आवडतो. आधी प्रतिष्ठा, तीही फुकट; काम त्यानंतर. काम करून लायकी सिद्ध करायची नसते. कुणाचं तरी काहीतरी आपल्यावर अडलेलं असतं, म्हणून ते करायचं.

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या त्या आजोबांचे पेन्शनचे कागद तू भरून द्यायचास. आता कोण भरतं? नोकरी गेल्यापासून तू जिनाही चुकवून उतरतोस, असं तूच सांगितलंस. त्यांना तुझ्या नोकरीशी काय देणंघेणं? त्यांना नीट दिसत नाही, एवढंच आहे. उद्या सकाळी जाऊन ये, आणि घाईत परतू नकोस. त्यांना बोलायलाही कुणीतरी हवं असतं.

थोडे पैसे पाठवलेत. परत करण्याची भाषा केलीस तर आईला सगळं सांगेन.

तुझे,
बाबा