आईचा व्यायाम

ती. आई-बाबांना सा. न.

आई, आधी पूर्ण वाच, मग चिड. येत्या सोमवारपासून फिजिओथेरपिस्ट बाई घरी येतील, दर सोमवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता. तोवर तुझी पूजा आणि नाश्ता झालेला असतो. गुरुवारी तुझा उपास, म्हणून तो वार मुद्दाम टाळला. पैसे भरलेत, तेव्हा नाही म्हणू नकोस.

शिवाजी पार्कची फेरी चालूच ठेव, हृदयाला आणि साखरेला ती हवीच. पण नुसतं चालायचं आणि रात्री ताकावर झोपायचं, हे मला पटत नाही. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायू आणि हाडही झिजतं. २०१७ साली अमेरिकेत पासष्टीपुढच्या, वजन जास्त असलेल्या १६० स्त्री-पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आहार कमी करून कुणी चालण्यासारखा व्यायाम केला, कुणी वजनं उचलली, कुणी दोन्ही केलं. या तिन्ही गटांचं वजन सारखंच उतरलं, साधारण ९ टक्के. पण नुसतं चालणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता ३ टक्के घटली, बाकी दोन्ही गटांची फार तर १ टक्का. रोजच्या हालचालींत सर्वांत जास्त सुधारले ते दोन्ही करणारे. माईआत्याच्या खुब्याचं आपण पाहिलंय, आणखी काय लिहू?

तुझ्या अंगाबद्दल कुणी बोललेलं मला लहानपणीही खपायचं नाही, आजही नाही. तुझ्या कुशीइतकी ऊबदार जागा मला दुसरी नाही. हे सगळं गुडघ्यांसाठी आहे. एक किलो उतरलं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोंनी हलका होतो.

सुरुवात खुर्चीपासून. डायनिंगची खुर्ची भिंतीला टेकवायची, प्लास्टिकची नको, ती सरकते. पुढे सरकून बस, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, छाती पुढे झुकव आणि श्वास सोडत ऊठ. श्वास कोंडलास की बीपी चढतं. बसताना धपकन नाही, मनात तीन मोजत बस. खरी ताकद तिथेच येते. ८ वेळा, विश्रांती, पुन्हा ८. जड गेलं तर खुर्चीवर उशी ठेव. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर घाबरू नकोस. गुडघा सुजला किंवा दोन तासांनंतरही ठणकत राहिला, तर पुढच्या वेळी निम्मंच कर. छातीत दडपण किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचं, बाबांपासून लपवायचं नाही.

तोलासाठी रोज चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचल. रात्री भाकरीबरोबर वाटीभर उसळ खायचीच, नाहीतर स्नायू कशातून बनणार?

बाबा, साखर कमी करायची गोळी घेऊन उपाशीपोटी तिला व्यायाम करू देऊ नका. हॉलमधली सतरंजी उचला, पाय अडकतो. आणि बीपीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना शनिवारीच विचारून घ्या, सोमवारच्या आत.

तुमची,
ताई