बाबा, सुईला नाही म्हणू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

आईने पाठवलेला बाबांच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट नीट वाचला. आई, पोटात गाठी म्हटल्यावर तू हबकलीस, पण या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) प्रत्येकाच्या पोटात असतातच गं. आतड्यांच्या आसपास, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने. संसर्ग झाला की त्या सुजतात आणि पुष्कळदा आपोआप ओसरतात.

तरीही डॉक्टर पुढची तपासणी का सांगतायत, तेही लपवत नाही. सगळ्यात मोठी गाठ 22 बाय 18 मिलिमीटर आहे. मला काळजी वाटते ती नुसत्या मापाची नाही, आकाराची जास्त. निरोगी ग्रंथी लांबट असते आणि तिच्या मधोमध एक पांढरट पट्टा दिसतो. रक्तवाहिन्या तिथूनच आत शिरतात. बाबांच्या गाठी गोलसर आहेत, तो पट्टा दिसत नाही आणि काही गाठी एकमेकींना चिकटल्या आहेत. असं चित्र टीबीत दिसतं आणि लिम्फोमात, म्हणजे या ग्रंथींच्या कॅन्सरमध्येही दिसू शकतं. उपचार दोन्हींवर आहेत, पण अगदी वेगळे. गाठ कशामुळे वाढली हे नुसत्या सोनोग्राफीवरून ठरत नाही. आतड्यातल्या हवेमुळे मागचा भागही झाकला जातो, म्हणून सीटी स्कॅन सांगितलाय.

बाबा, सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायचा म्हटल्यावर, सुई लावली की गाठ पसरते असं तुम्ही म्हणालात. कुणीतरी तुमच्या मनात ही भीती घातलीय. असं होणं फार विरळा आहे. उलट तुकडा न तपासता अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या आणि निघाला लिम्फोमा, तर हातचे महिने जातील. मला भीती वाटते ती याची. सुई आंधळेपणाने घालत नाहीत; सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, रक्तवाहिन्या चुकवत नेतात. जागा तेवढी बधिर करतात. काढलेला नमुना टीबीच्या तपासणीलाही पाठवा, असं आवर्जून सांगा.

रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आधीच सांगा. ती मनाने बंद करू नका.

आई, बाबांचा संध्याकाळचा ताप आणि वजन वहीत लिहीत जा. जुने रिपोर्टही एका फाइलमध्ये लाव, गाठी आधी होत्या का ते त्यातून कळेल. तपासणीच्या दिवशी मी सोबत असेन, रजा टाकली आहे. बाबा, तारीख घ्या आणि मला कळवा.

तुमची,
लेक