भाज्यांतील कर्बोदकांच्या आकड्यांसोबत त्यांचा आधारही छापावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत लो-कार्ब, म्हणजे कमी कर्बोदकांच्या, आहारावर वरचेवर लेख येतात आणि त्यांच्यासोबत बहुधा भाज्यांची एक चौकट असते. ‘या खा’, ‘या टाळा’ अशा दोन याद्या आणि प्रत्येक नावापुढे कर्बोदकांचा एक आकडा. तो आकडा कच्च्या भाजीचा आहे की शिजवलेल्या, किती वजनाला आहे, त्यात तंतुमय पदार्थ धरले आहेत की वगळले आहेत, यांपैकी काहीही तिथे लिहिलेले नसते. मधुमेह असलेली अनेक माणसे अशा चौकटींवर विसंबून आपले ताट ठरवतात, म्हणून ही उणीव मला किरकोळ वाटत नाही.

भाजीतील कर्बोदके एकजिनसी नसतात. स्टार्च आणि साखर लहान आतड्यात पचून ग्लुकोजच्या किंवा फ्रुक्टोजच्या रूपात रक्तात येतात, तर तंतुमय भाग तिथे न पचता मोठ्या आतड्यात जातो आणि त्याचा काही अंश तिथले जिवाणू आंबवतात. हा भेद नवा नाही. रॉबर्ट मॅककान्स आणि रॉबर्ट लॉरेन्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी 1929 साली मधुमेहींच्या आहारासाठी अन्नपदार्थांचे पृथक्करण करताना ‘उपलब्ध’ (पचणारी) आणि ‘अनुपलब्ध’ (न पचणारी) कर्बोदके अशी विभागणी केली. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि इन्सुलिनमुळे वाचलेल्या पहिल्या पिढीतले होते. ताटातल्या कोणत्या भागाचा रक्तशर्करेशी संबंध आहे, हा त्यांच्यापुढे केवळ अभ्यासाचा प्रश्न नव्हता. आज ज्याला ‘नेट कार्ब’ म्हणतात, म्हणजे एकूण कर्बोदकांतून तंतू वजा करून उरणारा आकडा, त्याचे मूळ या विभागणीत आहे.

ही वजाबाकी कधी करायची, हे मात्र सांगावे लागते. अमेरिकेतील वेष्टनांवर ‘एकूण कर्बोदके’ छापतात आणि त्यांत तंतू समाविष्ट असतात. युरोपीय संघातील वेष्टनांवर कर्बोदकांचा आकडा तंतू वगळूनच दिलेला असतो आणि तंतू दिलेच तर वेगळ्या ओळीत असतात. 100 ग्रॅम मटारात एकूण कर्बोदके सुमारे 14 ग्रॅम आणि तंतू सुमारे 5 ग्रॅम असतात, म्हणजे पचणारा भाग 9 ग्रॅमच्या आसपास उरतो. युरोपीय पाकिटावर हे 9 आधीच छापलेले असतात. त्यातून पुन्हा 5 वजा करणारा माणूस मटारात 4 ग्रॅमच कर्बोदके आहेत असे धरून चालतो. जो या हिशेबावर इन्सुलिनची मात्रा ठरवतो, त्याच्यासाठी ही चूक लहान नाही.

‘जमिनीखाली वाढते ते टाळा, वर वाढते ते खा’ हा नियम याद्यांमध्ये फार सहज येतो. बटाटा, रताळे यांच्यापुरता तो ठीक आहे. 100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात एकूण कर्बोदके 17 ग्रॅमच्या वर आणि तंतू जेमतेम 2 ग्रॅम. पण मुळाही जमिनीखालीच वाढतो आणि त्यात एकूण कर्बोदके साडेतीन ग्रॅमपेक्षा कमी असतात. सलगमात ती साधारण साडेसहा ग्रॅम असतात. उलट मका आणि मटार जमिनीच्या वर वाढूनही बटाट्याच्या जवळ जातात. खरे कारण वनस्पतीच्या जीवनक्रमात आहे. पान सूर्यप्रकाशात साखर तयार करते, पण फार काळ साठवत नाही, ती कंदाकडे आणि बियांकडे धाडते. म्हणून 100 ग्रॅम पालकात तंतू वजा केल्यावर दीड ग्रॅमही उरत नाही आणि फ्लॉवरमध्ये सुमारे 3 ग्रॅम उरतात. आपण वनस्पतीचा कोणता अवयव खातो आणि तिने तिथे अन्नसाठा केला आहे का, हा प्रश्न विचारला, तर यादी पाठ करण्याची गरज बरीच कमी होते.

मापाचा गोंधळही मोठा आहे. एक कप कच्चा पालक साधारण 30 ग्रॅम भरतो, तर शिजवून पाणी काढलेला एक कप पालक 180 ग्रॅमच्या आसपास. कप तोच, भाजी सहापट. कांद्याच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे ठरते, कारण 100 ग्रॅम कांद्यात एकूण कर्बोदके 9 ग्रॅमच्या वर असून तंतू 2 ग्रॅमपेक्षा कमी असतात, आणि परतल्यावर पाणी उडून त्याचा ढीग मूठभर होतो. अनेक पदार्थांचा पाया असलेला हा कांदा लो-कार्ब ताटाच्या हिशेबात कोणी धरत नाही. वजन लिहिले की हे सगळे आपोआप स्पष्ट होते.

गाजरावर झालेला अन्याय मला विशेष खटकतो. 1981 साली ग्लायसेमिक इंडेक्सची, म्हणजे पदार्थ रक्तशर्करा किती वाढवतो हे दाखवणाऱ्या निर्देशांकाची, पहिली यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा गाजराचा निर्देशांक 90 च्या वर नोंदला गेला, आणि नंतरच्या मोजण्यांत तो बराच खाली आला तरी ‘गाजर साखर वाढवते’ हा समज टिकून राहिला. शिवाय हा निर्देशांक साधारणपणे 50 ग्रॅम पचणाऱ्या कर्बोदकांवर मोजतात. 100 ग्रॅम गाजरात तंतू वगळून 7 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, म्हणजे 50 ग्रॅम मिळवायला एका बैठकीत 700 ग्रॅमहून अधिक गाजर खावे लागेल. दिवसाची मर्यादा 20 ग्रॅम ठेवणाऱ्या कीटोजेनिक आहारात गाजर मोजूनच खावे, हे मान्य आहे. पण दिवसाला 100 ते 130 ग्रॅमपर्यंत कर्बोदके घेणाऱ्यालाही आपल्या याद्या तेच गाजर ‘टाळा’ म्हणून सांगतात, आणि त्याला कोणताही आधार दिसत नाही. ‘लो-कार्ब’ म्हणजे नेमकी किती मर्यादा, हे लेखात सांगितल्याशिवाय कोणत्याही भाजीला चांगले-वाईट ठरवताच येत नाही.

दशांशांतल्या अचूकतेवरही फार भिस्त ठेवू नये. अन्नघटकांच्या पुष्कळ तक्त्यांत कर्बोदके थेट मोजलेली नसतात. 100 मधून पाणी, प्रथिने, स्निग्धांश आणि राख (म्हणजे खनिजे) वजा करून जे उरेल ते कर्बोदकांच्या नावावर टाकतात, त्यामुळे इतर सर्व मोजण्यांतील चुका त्याच आकड्यात जमा होतात. त्यातच काढणीनंतर मटारातील साखरेचा स्टार्च होत जातो आणि अति थंडीत साठवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते. तंतू वगळून पालकाचे 1.4 ग्रॅम आणि कोबीचे 3.3 ग्रॅम यांतील फरकावरून कोबी सोडणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना रोज किमान 400 ग्रॅम भाज्या व फळे आणि 25 ग्रॅम नैसर्गिक तंतू घेण्यास सांगितले आहे. कर्बोदकांच्या धास्तीने भाज्याच कमी केल्या, तर तंतूंची ही गरज भागवणे फार अवघड होते.

म्हणून विनंती अशी की, यापुढे चौकट छापताना प्रत्येक भाजीसमोर 100 ग्रॅमला एकूण कर्बोदके आणि तंतू हे दोन आकडे स्वतंत्र द्यावेत, भाजी कच्ची की शिजवलेली ते लिहावे आणि तक्ता कुठला हेही नमूद करावे. त्याच पानावर आणखी एक सूचना ठळक अक्षरांत हवी. इन्सुलिन किंवा मधुमेहावरच्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांकडून मात्रा बदलून न घेता कर्बोदके एकदम कमी केली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक वाढवू नये, कारण त्यांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी भाज्यांतील पोटॅशियमविषयी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आपली,
एक नियमित वाचक