उंदरीण आणि गरोदर बाई एक नव्हे

संपादक साहेब,

परवा तुमच्या आरोग्य पुरवणीत आलं की गरोदर उंदरीण टेन्शनमधे ठेवली तर पिल्लांवर परिणाम होतो, म्हणून बायकांनी टेन्शन घेऊ नये. प्रयोग खरे आहेत हो, पण अर्धीच गोष्ट छापलीत. लॅबमधली उंदरीण साधारण 21-22 दिवसांत विते आणि शेवटच्या आठवड्यात तिचा मेंदू ताणाला आधीसारखा रिस्पॉन्सच देत नाही, प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणातल्या हार्मोनपासून बनणारं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूतली ओपिऑइड (शरीरातल्याच अफूसारख्या रसायनांची) यंत्रणा जागी करतं आणि ती स्ट्रेस हार्मोनचा सिग्नल दाबते, शिवाय वारेतलं (प्लासेंटातलं) एक एन्झाइम आईचं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे उंदरांचं मुख्य स्ट्रेस हार्मोन, बरंचसं निकामी करूनच पुढे सोडतं. म्हणजे बंदोबस्त चोख आहे, सतत जबर ताण असेल तर तो ढिला पडू शकतो एवढंच.

आणि माणसात मुख्य स्ट्रेस हार्मोनच वेगळं, कॉर्टिसॉल. आपली वार स्वतः सीआरएच (कॉर्टिसॉल वाढवायला लावणारं हार्मोन) बनवते, उंदरांची नाही बनवत. नॉर्मल गरोदरपणातही शेवटी शेवटी कॉर्टिसॉल दुप्पट-तिप्पट होतं, मग रिपोर्ट बघून कुणी घाबरलं तर?

पुढच्या वेळी निदान हेडिंगमधे 'उंदरांमधे' एवढं तरी टाका, आणि सल्ला द्यायचाच असेल तर तिच्या घरच्यांना नि ऑफिसवाल्यांना द्या, तिला कशाला.

- एक वाचक, सातारा