ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ‘फोन तर आता घरोघरी आहे, मग बायका मागे राहिल्या म्हणून अजून गळा कशाला काढायचा?’ हे वाचून आधी चिडले, मग वाटलं, आपल्याच घरातलं सांगावं.

आईला फोन घेऊन दिला, तरी तिच्या बँकखात्याला नंबर बाबांचाच जोडलेला होता. पैसे तिचे आणि ओटीपी त्यांच्या फोनवर. ते बाहेर असले की ती फोन करून आकडे विचारायची, आणि आकड्यांच्या आधी प्रश्न यायचा, “कशाला हवेत?” बाबा काही वाईट नाहीत रे. खातं उघडताना हातात होता तो नंबर लिहिला गेला, एवढंच. पण त्या ‘कशाला’पायी तिने कितीदा “राहू दे” म्हणून विषय सोडला असेल! तुझ्या हिशेबात मात्र ती ‘फोन असलेली बाई’च.

संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली, त्यातलं पाचवं स्त्री-पुरुष समानतेचं. त्यात तंत्रज्ञानासाठी मोजपट्टी एकच आहे: स्वतःचा मोबाइल किती बायकांकडे आणि किती पुरुषांकडे. नुसता वापर मोजत नाहीत, मालकी मोजतात. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण वापराचे आकडे भुलवतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा 2024 चा अंदाज बघ: जगातले 70 टक्के पुरुष इंटरनेट वापरतात, बायका 65 टक्के. पाचाचाच फरक, म्हणशील. पण माणसं मोजलीस तर पुरुष जवळपास 19 कोटींनी जास्त भरतात! शिवाय गेल्या तीन महिन्यांत एकदा जरी, कुणाच्याही फोनवरून वापरलं, तरी ती बाई ‘वापरणारी’ ठरते. नवऱ्याचा फोन रात्री दहा मिनिटं मिळणारीसुद्धा त्या 65 मध्येच. तिने त्यावर काय शोधायचं? दुखणं, नोकरी, वकील? सकाळी हिस्टरी त्याच्या हातात.

आणि ‘यंत्रातलं बायकांना कळत नाही’ हे तू लिहिलं नाहीस, पण ओळींमधून वास आला. एनिअॅक हा अवाढव्य संगणक 1946 मध्ये जगापुढे आला, तेव्हा त्याच्या तारा जोडून, स्विच लावून त्याला गणितं शिकवणाऱ्या सहा बायका होत्या. प्रात्यक्षिक दणक्यात झालं. रात्रीच्या मेजवानीचं बोलावणं त्यांना नव्हतं. कळत नव्हतं म्हणून नव्हे, हे लक्षात घे.

आईने अखेर बँकेत जाऊन नंबर बदलून घेतला. एक सही आणि अर्धा तास, बस्स. पिनही स्वतःच ठरवला. परवा मी सहज विचारलं, तर म्हणाली, “तुला कशाला हवाय?”

वहिनींच्या खात्याला कुणाचा नंबर आहे, तेवढं बघून कळव.

तुझी,
जुनी भांडकुदळ मैत्रीण