जुने इंजिन रंगवण्याआधी ओळखावे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कारखान्यांच्या मागच्या आवारात, बंद गोदामांत आणि भंगाराच्या ढिगांत अजूनही अधूनमधून शंभर वर्षांपूर्वीची पेट्रोल इंजिने सापडतात. पंप, करवती, जनित्रे आणि छोट्या कार्यशाळांची यंत्रे ज्यांच्या पट्ट्यावर फिरत, ती ही बिडाची, जड फ्लायव्हीलची (फिरण्याचा जोर साठवणाऱ्या चाकाची) इंजिने पुन्हा चालती करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. मात्र इंजिन हाती येताच वायर ब्रश, वाळूचा मारा आणि चकचकीत रंग असा जो क्रम सर्रास दिसतो, त्यात इंजिनाची ओळख पटवणाऱ्या खुणा सर्वांत आधी नष्ट होतात आणि त्या परत मिळवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

पितळी नामपट्टी शाबूत असेल, तर निर्माता, अश्वशक्ती, दर मिनिटाचे फेरे आणि अनुक्रमांक एका जागी मिळतात. तिच्यावर पेटंटच्या तारखा असल्या तर त्यांतली शेवटची तारीख हे निर्मितीवर्ष समजले जाते, ते बरोबर नाही. ती पट्टी त्या तारखेच्या आधीची नाही, एवढेच त्यावरून ठरते. पट्टी निघून गेली असेल तर क्रँकशाफ्टचे टोक, फ्लायव्हीलचा मध्यभाग आणि कडा हलक्या हाताने, चिंधी आणि रॉकेलने पुसून पाहाव्यात, कारण अनुक्रमांक अनेकदा तिथेच ठोकलेला असतो. बिडावर उठून दिसणारे ओतीव आकडे बहुधा त्या एका भागाचे असतात, संपूर्ण इंजिनाचे नव्हे, आणि एकच ओतीव भाग अनेक मॉडेलांत वापरला जाई. त्यामुळे सिलिंडरचा व्यास, पिस्टनचा पल्ला, फ्लायव्हीलचा व्यास, आऱ्यांची संख्या, पाण्याच्या हॉपरचा (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या टाकीचा) आकार आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा) कोणत्या बाजूला आहे, हे सारे मोजून व टिपून निर्मात्यांच्या जुन्या माहितीपत्रकांशी ताडून पाहावे लागते.

नावांचाही मोठा गोंधळ होतो. मॅग्नेटोवरचे (ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या उपकरणावरचे) ‘वायको’ किंवा ‘बॉश’ हे नाव इंजिनाचे नव्हे. मॅग्नेटो दुसऱ्या कंपनीकडून घेऊन बसवण्याची पद्धत होती. शिवाय ज्याचे नाव पट्टीवर आहे त्यानेच इंजिन घडवले असेल, असेही नाही. अमेरिकेतील सिअर्स रोबक कंपनीने ‘इकॉनॉमी’ या नावाने विकलेली बरीच इंजिने इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिलच्या हर्क्युलस कारखान्यात तयार झालेली होती. ‘फेअरबँक्स-मोर्स’च्या ‘झेड’ मालिकेतील काही आरंभीच्या इंजिनांचे डोके (सिलिंडरचे झाकण) सिलिंडरसह एकाच ओतकामात घडवलेले असे. हे ठाऊक नसलेला मनुष्य त्यावर हेड गॅस्केटचा सांधा शोधत बसतो आणि सापडला नाही की पहार घालतो. मूळ रंगाचा पुरावाही नामपट्टीखाली, ग्रीस कपांच्या बुडाशी आणि तेलकट थराखाली टिकून राहिलेला असतो, म्हणून तो थर काढण्याआधी छायाचित्रे घेणे अगत्याचे आहे.

जाम झालेल्या इंजिनाबाबत तर संयमाला पर्याय नाही. आधी नेमके काय अडकले आहे ते शोधावे: पिस्टन, व्हॉल्व्ह की बेअरिंग. प्लग किंवा इग्नायटर (ठिणगी पाडणारा भाग) काढून त्या भोकातून गंज सोडवणारे तेल सोडावे आणि त्याला आठवडेच्या आठवडे मुरू द्यावे. फ्लायव्हीलच्या कडेला लांब पहार लावून जोर दिल्यास पिस्टन सुटण्याआधी आरा तडकू शकतो. पिस्टनवर ठोका द्यायचाच असेल तर मध्ये टणक लाकडाचा ठोकळा हवा, लोखंडाचा नव्हे. हॉपरला आणि सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला तडे आहेत का, हेही याच टप्प्यावर पाहावे, कारण पाणी आत राहून गोठल्यामुळे फुटलेली इंजिने पुष्कळ आढळतात. बिडाला पुरेसे तापवल्याशिवाय वेल्डिंग केले की जोडाशेजारी नवा तडा जातो. अशा ठिकाणी न तापवता धातूच्या टाक्यांनी शिवण घालण्याची पद्धत अधिक भरवशाची आहे.

चालू झालेल्या इंजिनाचे ठोके मध्येच चुकतात, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ‘हिट अँड मिस’ इंजिनात हा दोष नसून तीच त्याची रचना आहे. वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गव्हर्नरचा (वेग आवरणाऱ्या यंत्रणेचा) खटका एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. त्यामुळे सिलिंडरमध्ये शोषण निर्माण होत नाही, केवळ शोषणाने उघडणारा इनटेक व्हॉल्व्ह बंद राहतो आणि वेग उतरेपर्यंत इंजिन फ्लायव्हीलच्या जोरावर फिरत राहते. हा ‘दोष’ दुरुस्त करण्यासाठी खटका घासणे, स्प्रिंग ताणणे किंवा गव्हर्नरच काढून टाकणे हे प्रकार अत्यंत धोकादायक आहेत. फ्लायव्हीलच्या कडेवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की ताण चौपट होतो, आणि बीड ताण सोसण्यात मुळातच कमकुवत असते. नामपट्टीवरचा वेग ही कमाल मर्यादा मानावी आणि आऱ्यांच्या मुळाशी बारीक तडा दिसला तर ते इंजिन चालवूच नये. जुन्या रंगात शिसे आणि जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून ते कोरडे खरवडू नयेत, हेही इथेच नोंदवतो.

आपल्या वृत्तपत्राद्वारे संग्राहकांना आणि संग्रहालयांना माझी एक विनंती आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक इंजिनासोबत एक वही ठेवावी. तिच्यात सापडले तेव्हाची छायाचित्रे, मोजमापे, सर्व आकडे, तसेच कोणता भाग मूळ, कोणता बदललेला आणि कोणता नव्याने घडवलेला, याची तारीखवार नोंद असावी. काढलेले मूळ भाग निकामी असले तरी चिठ्ठी लावून जपावेत, म्हणजे पुढे तसेच इंजिन हाती आलेल्या माणसाला त्यांवरून मापे घेता येतील.

आपला,
जुन्या यंत्रांचा एक अभ्यासक