सही करण्याआधी एवढं वाच

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र मिळालं. सामायिक जागेतलं जंगल तोडीला द्यायचं घाटतंय, ठेकेदार आगाऊ पैसे द्यायला तयार आहे आणि तुझी तेवढी सही राहिली आहे, हे वाचून राहवलं नाही. लेकीच्या कॉलेजची फी तोंडावर आलेली असताना पैसे कुणाला नको असतात, हेही समजतं.

पण आपल्या ओढ्याच्या, त्या पऱ्याच्या कडेचा जुना बेहडा आठवतो ना तुला? वर फांदी मोडलेल्या जागी ढोली झाली आहे. माडगरुडाची जोडी, म्हणजे आपले धनेश, दरवर्षी तिथेच घरटं करते. मादी आत शिरते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते; चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. मग दोन-अडीच महिने तिची आणि पिल्लांची सगळी भिस्त नरावर. गेल्या उन्हाळ्यात मी खाली बसून पाहिलं. नर आला, मान झटकून गळ्यातलं एक उंबर चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीत दिलं. मग दुसरं, मग तिसरं. एवढी दांडगी चोच, पण एक फळ चिरडलं नाही! त्या काळात नराचं काही बरंवाईट झालं, तर आतल्यांची उपासमार ठरलेली.

या पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्याला आयती लागते, तीही जाड बुंध्याची. ठेकेदार म्हणतो, एका झाडामागे दहा रोपं लावू. लावावीत, जरूर लावावीत. पण त्या रोपांत धनेशाची मादी मावेपर्यंत आपली नातवंडं म्हातारी झालेली असतील.

आणि खालचे उंबर. तोडवाल्यांच्या लेखी त्या लाकडाला किंमत नाही, म्हणून ट्रकच्या वाटेत आले की आधी तेच पाडतात. रानात इतर फळं संपलेली असतात तेव्हाही कुठला तरी उंबर लगडलेला असतोच, कारण सगळे एकाच वेळी फळत नाहीत. ते फळही चिलटाएवढ्या एका किड्यावाचून धरत नाही. तो आत शिरतो तेव्हा परागीभवन होतं. पिकलं की दिवसा हरियाल आणि वानरं, रात्री वटवाघळं आणि कांडेचोर, म्हणजे उदमांजरं. त्यांच्या विष्ठेतून बी पार डोंगरापलीकडे जातं. अशी नर्सरी कोण चालवणार?

22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळीयेत दरड कोसळली. झाडं असती तर ती थांबली असती, असा दावा मी करणार नाही. पाऊसच तसा होता. पण आपल्या उतारावरची माती मुळांनीच धरली आहे. तोड झालेल्या पलीकडच्या सड्याखाली, त्या कातळाच्या पठाराखाली, आता पहिल्या पावसापासून पऱ्या लाल वाहतो.

अभयारण्य आपल्यापासून लांब. रत्नागिरी जिल्ह्यातली बहुतेक झाडी खासगी मालकीची, त्यामुळे राखायची ती तुझ्या-माझ्यासारख्या खातेदारांनीच.

तुझ्या काकांशी बोललोय. पऱ्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी, बेहडा आणि सगळे उंबर वगळायला ते राजी आहेत. वरच्या अंगाची अकेशिया विकायला माझी अजिबात हरकत नाही. फीपुरते पैसे त्यातून सुटतील असं वाटतं. वगळलेली झाडं करारात लिहून घे आणि त्यांच्यावर चुन्याचे पट्टे मारून दे, तोंडी बोलण्यावर राहू नकोस. कागद आला की सहीआधी मला फोन कर.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
अण्णा